बटण निफाडचं, शीट मात्र नाशिकची: वेबसाइटवरून नेमक्या शीटला लिंक कशी द्यायची

ताई, तुमच्या प्रश्नातला एक तपशील फार मोलाचा आहे: सगळी बटणं एकाच दिवशी बिघडली नाहीत. त्यातच उत्तर आहे.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. द्राक्ष उत्पादकांच्या एका कंपनीची वेबसाइट आहे. तिच्यावर नाशिक, निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर आणि बागलाण अशी सहा तालुक्यांची सहा बटणं आहेत. मागे गूगल शीट्सची एकच फाइल आणि तिच्यात प्रत्येक तालुक्याची एक शीट. सभासद आपल्या तालुक्याचं बटण दाबतो आणि बागेतला रेसिड्यूचा (द्राक्षांत उरलेल्या औषधांच्या अंशाच्या तपासणीचा) नमुना कधी घेणार, काढणीची पाळी कधी, ते बघतो. गेल्या हंगामात सगळं सुरळीत होतं. यंदा जुलैत बागलाणचं बटण दाबलं की नाशिकची शीट उघडायला लागली. सप्टेंबर संपता संपता दिंडोरी आणि निफाडचं तेच झालं. चांदवड आणि सिन्नर अजून बरोबर आहेत. शिवाय तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. त्याच फाइलमध्ये सभासदांच्या बँक खात्यांची शीट 'हाइड' करून ठेवली आहे, ती सुरक्षित आहे का? आणि वेबसाइटवर गेल्या वर्षीची एक्सेल फाइल टाकली आहे, तिची थेट दुसरी शीट उघडता येईल का?

आता बघा, बागलाणात अर्ली छाटणी पावसाळ्यातच सुरू होते, आणि दिंडोरी-निफाडची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे जिथे हंगाम सुरू झाला तिथली लिंक तुटली. याचा अर्थ हंगामाच्या सुरुवातीला तुमच्याकडे कोणीतरी जुन्या शीटवर राइट क्लिक करून 'डुप्लिकेट' काढतं, जुन्या तारखा पुसतं, जुनी शीट डिलीट करतं आणि नव्या शीटला परत 'बागलाण' नाव देतं. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. नाव तेच, जागा तीच. पण गूगलच्या लेखी ती शीट वेगळी आहे.

कशी, ते पत्त्यावरून कळतं. फाइल कॉम्प्युटरवर उघडा आणि ॲड्रेस बारकडे बघा. मधे अक्षर-आकड्यांची जी लांबलचक माळ दिसते ती फाइलची ओळख. अगदी शेवटी 'जीआयडी' ही तीन अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा असतो, ती शीटची ओळख. नव्या फाइलमधल्या पहिल्या शीटचा जीआयडी 0 असतो. नंतर काढलेल्या प्रत्येक शीटला गूगल स्वतःच एक लांब आकडा देतं, त्यात 1, 2, 3 असा क्रम नसतो. त्यामुळे 'बागलाण सहावी शीट आहे म्हणजे 5 लिहू' असा अंदाज चालत नाही.

हा आकडा म्हणजे शीटचा गट नंबर समजा. सातबाऱ्यावरचं नाव बदललं तरी गट नंबर तोच राहतो. तसंच शीटचं नाव 'बागलाण'चं 'सटाणा' केलं, ती ओढून पहिल्या जागी आणली, टॅबचा रंग बदलला, तरी जीआयडी हलत नाही आणि लिंक चालूच राहते. शीट डिलीट केली की मात्र तिचा आकडा तिच्याबरोबर जातो. डुप्लिकेट हुबेहूब असली तरी तिचा आकडा नवा. आणि लिंकमधल्या आकड्याची शीटच सापडली नाही तर गूगल चूक दाखवत बसत नाही, फाइलची पहिली शीट उघडून मोकळं होतं. तुमची पहिली शीट नाशिकची, म्हणून प्रत्येक तुटलेलं बटण नाशिकला पोचतं.

या गप्प राहून चुकण्याची मला फार काळजी वाटते, कारण तिचा फटका मी पाहिला आहे. मोहाडीच्या पुढे एका बागेत उभा होतो. बागायतदाराच्या हातावर बोर्डो या फवारणीच्या मिश्रणाचा निळसर थर वाळलेला, म्हणून त्यानं बोटाच्या पेरानंच बटण दाबलं. शीट उघडली. फोनच्या पडद्यावर तीन कॉलम मावत होते आणि खालचं टॅबचं नाव इतकं बारीक की उन्हात दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच तालुक्याची तारीख आपली समजून त्यानं मजुरांना सांगून टाकलं. पानावर कुठेही 'चूक' असं लिहिलेलं नव्हतं, मग त्याला कळणार तरी कसं? तेव्हापासून मी प्रत्येक शीटच्या पहिल्या ओळीत तालुक्याचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत लिहितो आणि 'व्ह्यू' मेनूतल्या 'फ्रीझ'नं ती ओळ जागेवर बांधून टाकतो. वर-खाली कितीही सरकवलं तरी नाव डोळ्यांसमोर राहतं. लिंक चुकली तर बघणाऱ्याला लगेच कळतं.

आता दुरुस्ती. कॉम्प्युटरवर फाइल उघडा, बागलाणच्या टॅबवर क्लिक करा, शीट समोर आली की ॲड्रेस बारमधला पूर्ण पत्ता कॉपी करा आणि तो बटणाला लावा. 'शेअर' बटणातलं 'कॉपी लिंक' वापरू नका. ती लिंक बहुतेक वेळा फाइलची असते, तिच्यात जीआयडी नसतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथेच सुटतात. हल्ली गूगलच्या पत्त्यात जीआयडी दोनदा दिसतो, एकदा प्रश्नचिन्हानंतर आणि एकदा # या चिन्हानंतर. हातानं आकडा बदलायचाच असेल तर दोन्हीकडे बदला. त्यापेक्षा टॅबवर जाऊन नवा पत्ता कॉपी करणं कधीही बरं. सहा तालुक्यांसाठी पाच मिनिटंही लागत नाहीत.

पुढच्या हंगामात हेच पुन्हा होऊ नये म्हणून सवय उलटी करा. डुप्लिकेट जरूर काढा, पण त्या डुप्लिकेटला 'बागलाण 2024-25' असं जुन्या हंगामाचं नाव द्या आणि ती शेवटी नेऊन ठेवा. मूळ शीटमधल्या तारखा पुसून तिच्यातच नवा हंगाम भरा. मूळ शीट कधीच डिलीट होत नाही, तिचा आकडा बदलत नाही, बटणाला हात लावावा लागत नाही. तेवढंच काम, फक्त नाव कुणाला द्यायचं ते बदललं. टॅबवर राइट क्लिक करून 'प्रोटेक्ट शीट' लावून ठेवलं तर तुमच्या सोडून कुणाच्या हातून ती चुकून पुसली जाणार नाही.

शीटमधल्या ठरावीक भागावर न्यायचं असेल तर तेही होतं. तो भाग निवडा, राइट क्लिक करा, 'व्ह्यू मोअर सेल ॲक्शन्स'मध्ये लिंक मिळवण्याचा पर्याय आहे. त्या पत्त्यात जीआयडीच्या पुढे 'रेंज' जोडून येतं. पण पत्त्यातली ही रेंज जागेला बांधलेली असते, मजकुराला नाही. वर दोन ओळी घातल्या की मजकूर खाली सरकतो आणि लिंक जुन्याच ओळींवर जाते. ओळी वाढत राहणार असतील तर 'डेटा' मेनूतून त्या भागाला नाव द्या, म्हणजे 'नेम्ड रेंज' करा. ती मजकुराबरोबर सरकते. तुमच्या कामाला याची गरज नाही असं माझं मत आहे. सभासदाला तालुक्याच्या शीटवर पोचवलं की गावाचं नाव तो शोधून घेतो.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही तो सहज विचारल्यासारखा शेवटी विचारलात, पण माझ्या मते सगळ्यात आधी हातात घ्यायचा तोच. खात्यांची शीट सुरक्षित नाही. बटणं सगळ्यांसाठी चालावीत म्हणून तुम्ही फाइल 'एनीवन विथ द लिंक' केलेली असणार, नाहीतर सभासदांना 'रिक्वेस्ट ॲक्सेस'चं पान दिसलं असतं. ही परवानगी अख्ख्या फाइलची असते, एकेका शीटची नसते. जीआयडी लावून तुम्ही पाहुण्याला बागलाणच्या खोलीत नेलंत, पण घराची किल्ली त्याच्या हातात आहेच. तो दुसऱ्या टॅबवर जाऊ शकतो. 'हाइड' केलेली शीट त्याला टॅबच्या रांगेत दिसत नाही हे खरं, पण 'मेक अ कॉपी' करून त्यानं फाइलची स्वतःची प्रत काढली की त्या प्रतीचा मालक तो. मग लपवलेली शीट उघडायला दोन क्लिक पुरतात. 'प्रोटेक्ट शीट'ही इथे उपयोगाचं नाही, ते बदल करण्यापासून अडवतं, बघण्यापासून नाही.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या वेबसाइटवर मी अशीच एका शीटची लिंक दिली होती. त्याच फाइलमध्ये लोकांचे फोन नंबर आणि खाते क्रमांक असलेली शीट लपवलेली होती. मला ते माहीत होतं आणि लपवलेली आहे म्हणून मी निश्चिंत होतो. एका मुलानं प्रत काढून ती उघडली आणि सरळ फोन करून सांगितलं. त्याचा हेतू चांगला होता म्हणून निभावलं. पण ज्यांचे क्रमांक तिथे होते त्यांनी आपली माहिती विश्वासानं दिली होती आणि ती माझ्यामुळे उघडी पडली, हे मी विसरलेलो नाही. म्हणून आजच, बटणांच्या आधी, एवढं करा: खात्यांची शीट नव्या, कुणालाही शेअर न केलेल्या फाइलमध्ये कॉपी करा आणि या फाइलमधून ती डिलीट करा.

त्यानंतरची पक्की व्यवस्था अशी. दोन फाइली ठेवा. एक तुमची कामाची, ऑफिसातल्या तीन-चार जणांनाच दिसणारी. दुसरी सभासदांची, सगळ्यांना फक्त बघता येणारी. सभासदांच्या फाइलमध्ये सहा शीट काढा आणि प्रत्येकीच्या पहिल्या घरात 'इम्पोर्टरेंज' हा फॉर्म्युला लिहा. त्यात कामाच्या फाइलचा पत्ता आणि 'बागलाण' शीटमधले हवे तेवढेच कॉलम द्यायचे. पहिल्यांदा 'अलाउ ॲक्सेस' विचारेल, ते एकदा दाबायचं. मग कामाच्या फाइलमध्ये बदललेली तारीख आपोआप इकडे येते. लगेच येईलच असं नाही, तासाभराचा फरक धरून चाला. काढणीच्या तारखांना तो चालतो.

या व्यवस्थेत तुमच्यासाठी आणखी एक सोय आहे. इम्पोर्टरेंज शीटला नावानं ओळखतं, जीआयडीनं नाही. म्हणजे कामाच्या फाइलमध्ये कुणी जुन्या सवयीनं डुप्लिकेट काढून जुनी शीट डिलीट केली, तरी नव्या शीटचं नाव अक्षरशः 'बागलाण'च ठेवलं तर फॉर्म्युला परत चालू होतो. उलट 'बागलाण नवीन' केलं की 'रेफ'ची चूक दिसते. बटणाची लिंक आकड्यावर चालते आणि हा फॉर्म्युला नावावर, हा फरक ऑफिसातल्या सगळ्यांना एकदा समजावून सांगा. बटणं मात्र सभासदांच्या फाइलला जोडलेली, आणि तिथल्या शीटना कुणी हात लावत नाही, म्हणून ती तुटत नाहीत.

यात एक काळजी घ्या. सभासदांच्या फाइलमध्ये बाहेरच्या कुणालाही 'एडिटर' करू नका. 'अलाउ ॲक्सेस' एकदा दिलं की त्या फाइलमध्ये लिहू शकणारा कोणीही फॉर्म्युला बदलून कामाच्या फाइलमधली कुठलीही शीट ओढून आणू शकतो. खात्यांची शीट तिसऱ्याच फाइलमध्ये ठेवा असं मी म्हणतो ते यासाठीच.

कुणी सांगेल की एवढं कशाला, 'पब्लिश टू वेब' करा. तो मार्गही चांगला आहे, मी अनेक ठिकाणी वापरतो. 'फाइल', मग 'शेअर', मग 'पब्लिश टू वेब', आणि यादीतून पूर्ण डॉक्युमेंटऐवजी एकच शीट निवडायची. जी लिंक मिळते ती साध्या वेबपेजसारखी उघडते, लॉगिन लागत नाही, आणि 'एम्बेड' घेतलं तर तक्ता तुमच्या वेबसाइटच्या पानातच दिसतो. यात एक फसगत होते: पूर्ण डॉक्युमेंट पब्लिश करून फक्त एका शीटचा पत्ता दिला, तर आकडा बदलून बाकीच्या शीट बघता येतात. पब्लिश करतानाच शीट निवडलेली असली पाहिजे. बदल तिथे पोचायला साधारण पाच मिनिटं लागतात. लासलगावच्या लिलावाचे भाव दाखवायचे असते तर मी त्याचा विचार केला असता, तुमच्या तारखांना काही फरक पडत नाही. मोठ्या गर्दीला ही लिंक झेपते. साध्या शेअर लिंकवर एका वेळी शंभर जणांपर्यंतच नीट काम चालतं. तुमचे सभासद काढणीच्या आठवड्यात रोज सकाळी एकदमच बघत असतील आणि संख्या शंभराच्या वर जात असेल, तर सभासदांच्या फाइलमधली एकेक शीट पब्लिश करून तीच लिंक बटणाला लावा.

वयस्कर सभासद कागद मागतात असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी वेगळं बटण करता येतं. फाइलच्या पत्त्यात 'एडिट' आणि त्यापुढचं सगळं काढून 'एक्सपोर्ट', प्रश्नचिन्ह, 'फॉरमॅट' बरोबर 'पीडीएफ', मग & चिन्ह आणि 'जीआयडी' बरोबर शीटचा आकडा लिहायचा. हे सगळे शब्द पत्त्यात इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. दाबलं की त्याच शीटची पीडीएफ उतरते. पीडीएफऐवजी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) देऊ नका, ती थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक घाबरून फोन करतात.

आता एक्सेल फाइलचा प्रश्न. तुमच्या सर्व्हरवर ठेवलेल्या एक्सेल फाइलच्या पत्त्यापुढे # लावून शीटचं नाव लिहिलं तर काही उपयोग होत नाही. # नंतरचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, फाइल नुसती डाउनलोड होते आणि एक्सेलला तो मजकूर कळत नाही. पूर्वी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक्सेल ब्राउझरच्या आतच उघडायचं तेव्हा हे चालायचं, म्हणून जुन्या माहितीत हा उपाय अजून सापडतो. साधा मार्ग असा: एक्सेल फाइल सेव्ह करताना जी शीट समोर असते तीच पुढच्या वेळी आधी उघडते. दुसरी शीट समोर ठेवून सेव्ह करा आणि तीच फाइल पुन्हा अपलोड करा. अनेक शीटवर न्यायचं असेल तर फाइलच्या आतच पहिली शीट अनुक्रमणिकेची करा आणि 'हायपरलिंक' फॉर्म्युल्यानं बाकीच्या जोडा. शीटच्या नावात जागा असेल, उदाहरणार्थ 'बागलाण 2024-25', तर नाव एकेरी अवतरणात घालावं लागतं. आणि इथे नाव बदललं की लिंक तुटते.

फाइल वनड्राइव्हवर ठेवलीत तर ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये भाग निवडून राइट क्लिकनं त्या रेंजची लिंक मिळते. पण कुठल्याही पत्त्यात मराठी नाव आलं की त्याचं जंजाळ होतं. पत्त्यात प्रत्येक मराठी चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'कांदा' या शब्दात क, काना, अनुस्वार, द आणि काना अशी पाच चिन्हं, म्हणजे 45 अक्षरं. अशी लिंक निरोपातून पाठवताना मधेच तुटली तर नवल नाही. म्हणून जिथे लिंक नावावर चालते तिथे मी शीटची नावं लहान आणि इंग्रजी अक्षरांत ठेवतो आणि मराठी नाव शीटच्या पहिल्या ओळीत लिहितो. गूगलच्या लिंकला आकडा पुरतो, तिथे नाव खुशाल मराठी ठेवा.

अजून एक. संकलन केंद्राच्या बोर्डावर क्यूआर कोड छापायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात गूगलचा पत्ता छापू नका. तुमच्याच वेबसाइटवर प्रत्येक तालुक्याचा छोटा पत्ता करा आणि तो पुढे शीटकडे वळवा. वेबसाइट बनवणाऱ्याला 'रिडायरेक्ट' म्हटलं की कळेल. पुढेमागे शीट बदलली तर वळण बदलायचं, बोर्ड तोच राहतो. सहा तालुक्यांचे छापलेले बोर्ड पुन्हा करणं म्हणजे किती खर्च आणि किती हेलपाटे, ते तुम्हीच जाणता.

लिंक लावून झाल्या की स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या लॉगिनवर तपासून थांबू नका. फाइल तुमची आहे, तुम्हाला ती उघडणारच. इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा, मग गूगल शीट्सचं ॲप असलेला एक फोन आणि नसलेला एक, असे दोन्ही घेऊन सहाही बटणं दाबा. आधी खात्यांची शीट हलवा, मग बागलाणचं बटण. तिथली काढणी सगळ्यांच्या आधी येते, आणि तिथले सभासद जुलैपासून नाशिकच्या तारखा बघत आहेत, त्यांना आज एक निरोपही पाठवा.